जुन्या महिंद्रा पिकअपला पाच गिअर आणि नवा मागचा एक्सल: आपल्या बेळगाव भागासाठी पायरीपायरीने

जीपच्या चासीवर बांधलेली तीन गिअरची जुनी पिकअप कोगनोळी नाक्यापासून बेळगावपर्यंत हायवेने आणून बघा. साठच्या पुढे काटा सरकला की इंजिन ओरडायला लागतं, मागून लक्झरीवाले हॉर्न मारतात आणि तवंदी घाटात टॉप सोडून दुसऱ्यावर यावं लागतं. तीच गाडी भाताची पोती भरून जांबोटीकडे चढाला लावली, की पहिला गिअरही अपुरा पडतो. म्हणजे वर पळायला गिअर नाही आणि खाली ओढायलाही नाही. इंजिन अजून ठणठणीत असेल तर त्याला हात न लावता गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल बदलून ही दोन्ही दुखणी बरीच कमी होतात.

हे काम करायचं ठरवलं की पहिल्याच दिवशी दहा जण दहा सल्ले देतात. ऑटोनगरात एक मेस्त्री म्हणतो एक्सल बदला, दुसरा म्हणतो बॉक्स बदला, आणि चहाच्या टपरीवरचा तिसरा म्हणतो बोलेरोचं सगळं खालचं उचलून घाला. तिघांचंही थोडं थोडं खरं असतं. पण बॉक्स आणि एक्सल यांचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. पुढचं सगळं त्या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

१. आधी खडू आणि टेप घ्या

गाडीच्या एक्सलचं गुणोत्तर, म्हणजे दोन्ही चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याचे) किती फेरे होतात तो आकडा, कागदावरून ठरवू नका. इतक्या वर्षांत गाडी किती हातांतून गेली आणि आत काय काय बदललं, हे कुणालाच ठाऊक नसतं. ते मोजायचं.

गाडी सपाट जागी उभी करा आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. मागचं एकच चाक जॅकने उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा. प्रोपेलर शाफ्टवर आणि उचललेल्या टायरवर खडूने एकेक रेघ ओढा. आता एकाने चाक हाताने बरोबर वीस फेरे फिरवायचं आणि दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. एक चाक जमिनीला टेकलेलं असल्याने उचललेल्या चाकाचे वीस फेरे म्हणजे एक्सलच्या आतल्या क्राउनचे (चाकं फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चक्राचे) दहा. शाफ्टचे पावणेचोपन्न फेरे भरले तर गुणोत्तर ५.३८, पावणेएकोणपन्नास भरले तर ४.८८, बेचाळीस आणि वर पाऊण भरले तर ४.२७. मूळ जीपच्या, म्हणजे विलिस घराण्यातल्या गाड्यांत हे तिन्ही आकडे नेहमीचे आहेत: क्राउनचे ४३ दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे ८, मग ३९ आणि ८, मग ४७ आणि ११.

टायरचा घेरही असाच मोजा. टायरवर आणि जमिनीवर खूण करा, गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. वजनाखाली टायर थोडा बसतो, म्हणून टायरवर छापलेल्या मापापेक्षा हे माप कामाचं.

वेग काढायचं सूत्र असं: इंजिनचे मिनिटाचे फेरे गुणिले घेर (मीटरमध्ये) गुणिले ६०, भागिले गिअरचं गुणोत्तर, भागिले एक्सलचं गुणोत्तर, भागिले १०००. घेर २.२ मीटर धरू. जुन्या डिझेलला सोसवणारे २५०० फेरे धरू. पाच गिअरच्या बॉक्सचा पाचवा ०.८५ आणि पहिला ४ धरू. तुमच्या बॉक्सचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, ते घालून पुन्हा मांडा. जुन्या तीन गिअरच्या टी-९० बॉक्सचा पहिला २.८० आहे आणि टॉप सरळ १.

- तीन गिअर आणि ५.३८: टॉपला ताशी ६१ किलोमीटर. पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर १५.
- तीन गिअर आणि ४.२७: टॉपला ७७, पहिला १२.
- पाच गिअर आणि ५.३८: टॉपला ७२, पहिला साडेएकवीस.
- पाच गिअर आणि ४.८८: टॉपला ८०, पहिला साडेएकोणीस.
- पाच गिअर आणि ४.२७: टॉपला ९१, पहिला १७.

दुसरी ओळ पुन्हा वाचा. फक्त एक्सल बदलायचा सल्ला सगळ्यांत जास्त मिळतो, कारण तो स्वस्त आहे आणि हायवेला फरक लगेच कळतो. पण पहिल्या गिअरची ताकद पंधरावरून बारावर येते. भरलेली गाडी चोर्ल्याच्या वळणावर थांबली आणि पुन्हा उचलायची वेळ आली, की क्लच जळल्याचा वास केबिनभर. हे आगीतून फुफाट्यात जाणं झालं.

शेवटची ओळ मोहात पाडणारी आहे. पण साठ-बासष्ट हॉर्सपॉवरच्या जुन्या डिझेलला भरल्या गाडीने पाचव्यात नव्वद ओढणं जमत नाही. आणि समजा ओढलं, तरी चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली ही गाडी त्या वेगाला थांबवणार कोण? माझं मत स्पष्ट आहे. खानापूर, चंदगड, आंबोली या बाजूला जाणाऱ्या गाडीला पाच गिअर आणि ४.८८. निपाणी-चिकोडी-अथणीच्या सपाटीवर मोकळी पळणाऱ्या गाडीला पाच गिअर आणि ४.२७ चालेल. पैसे एकाच कामापुरते असतील तर आधी गिअरबॉक्स, एक्सल पुढच्या वर्षी.

२. कागद, आणि हे काम सुरू करण्याआधीच

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हीच भूमिका घेतली. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसीवर इंजिन नंबर आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्स आणि एक्सलचा नंबर नसतो. म्हणून बरेच जण गप्प राहून काम उरकतात. तुम्ही तसं करू नका. काय काढणार आणि काय बसवणार याचा साधा अर्ज आरटीओत द्या, पोच घ्या, उत्तर लेखी मागा. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकेल तेव्हा बोलायला तोंड राहणार नाही.

पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, गाडीचं वजन, सीटची संख्या आणि इंधन यांना या कामात धक्का लावायचा नाही. चासी नंबर ज्या भागावर ठोकलेला आहे तिथे वेल्डिंग किंवा ग्राइंडर अजिबात नेऊ नका. नंबर पुसट झाला तर पुढच्या तपासणीत तुमचा खेळ संपला.

सीमाभागातली आणखी एक अडचण म्हणजे पलीकडची पासिंग. कोल्हापूर किंवा गडहिंग्लजकडून घेतलेली एमएच-०९ ची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त कर्नाटकात ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८), इकडे फॉर्म २७ आणि इथला कर. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. हे सगळं उरकून गाडी केए-२२ किंवा केए-२३ झाली की मगच पान्याला हात लावा. अर्धी उघडलेली गाडी तपासणीला नेता येत नाही.

खासगी नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी फॉर्म २५ वर नूतनीकरण होतं. मालवाहू म्हणून नोंद असेल तर जुन्या गाडीला दरवर्षी फिटनेस. या दोन्ही तारखा बघूनच कामाचा महिना ठरवा.

गाडी पन्नास वर्षांच्या पुढची असेल तर एक मिनिट थांबा. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं, पण त्यासाठी चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. तो विचार मनात असेल तर चासीवर कापाकापी नको आणि काढलेला मूळ माल भंगारात देऊ नका.

जवळ ठेवायचे कागद: आरसी, विमा, पीयूसी, आधार, आरटीओला दिलेल्या अर्जाची पोच, जुन्या बॉक्स-एक्सलचे काढण्याआधीचे फोटो, आणि नव्या मालाची पावती. पावतीचा आग्रह धरा. भंगारातला माल कुठल्या गाडीचा निघेल सांगता येत नाही. पावतीवर विकणाऱ्याचं नाव आणि मूळ गाडीचा नंबर लिहून घ्या. पावती कानडीत असली तरी हरकत नाही, नंबर तेवढे नीट लिहिलेले हवेत.

३. हंगाम बघून काम काढा

गाळप हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांची गॅरेजपुढे रांग असते, तुमची हौसेची पिकअप कोपऱ्यात पडून राहते. पावसाळ्यात उघडा पडलेला एक्सल रात्रीत गंजतो. हंगाम आटोपला की वळीव सुरू होईपर्यंतचा काळ उत्तम.

हत्यारं आणि सामान:

- चार मजबूत घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड). विटा किंवा रिम चालणार नाहीत.
- ट्रॉली जॅक, चेन पुली
- रिंग पान्यांचा आणि बॉक्स पान्यांचा पूर्ण संच, टॉर्क पाना
- ड्रम ओढायचा पुलर
- डायल गेज, फीलर गेज, मार्किंग ब्लू
- नवे ऑइल सील, नवे यू-बोल्ट, नव्या स्प्लिट पिना, युनिव्हर्सल जॉइंटचे नवे क्रॉस
- क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बुश
- ब्रेकचे लायनर, व्हील सिलिंडरचे किट, ब्रेक ऑइल
- गिअर ऑइल, दोन वेगवेगळी (कारण पुढे येतं)

डायल गेज विकत घ्यायची गरज नाही. उद्यमबागेतल्या कुठल्याही लेथवाल्याकडे असतं. ओळख काढा आणि दोन दिवसांसाठी मागून आणा.

४. गिअरबॉक्स निवडताना

बॉक्स कुठल्या गाडीचा हे नंतर विचारा. तुमच्या इंजिनच्या मागे कुठलं बेल हाउसिंग (क्लचवरचं, इंजिन आणि बॉक्स जोडणारं कवच) बसतं, ते आधी बघा. ज्या इंजिनबरोबर कंपनीने पाच गिअरचा बॉक्स दिला होता तेच इंजिन तुमच्या गाडीत असेल, तर नशीब थोर. बॉक्स, बेल हाउसिंग, क्लच फोर्क, सगळं एकाच गाडीतून एकत्र उचला, सुटं घेऊ नका. इंजिन वेगळं असेल तर मधे अडॅप्टर प्लेट लागते. उद्यमबागेत ती उत्तम बनते, फाउंड्री आणि मशीन शॉपचं गावच आहे ते. पण प्लेट बसवल्यावर बेल हाउसिंगचं मधलं भोक क्रँकच्या मध्याशी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जुळलंच पाहिजे. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून, हाताने इंजिन फिरवून तपासा. "डोळ्याने बरोबर दिसतंय" म्हणणारा कारागीर असेल तर दुसरा शोधा. इथे चूक राहिली की इनपुट शाफ्टचं बेअरिंग वर्षभरात ओरडायला लागतं आणि गिअर आपोआप सुटतो.

माल बघायला जाताना जुनी क्लच प्लेट पिशवीत घालून न्या. ती नव्या बॉक्सच्या इनपुट शाफ्टवर सरकते का, म्हणजे स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) जुळतात का, तिथेच कळतं. शाफ्टच्या टोकाची जाडी मोजा, पायलट बुश (क्रँकच्या टोकात हे टोक धरणारा) त्याच मापाचा लागेल. शाफ्टची लांबीही जुन्याशी ताडून बघा.

मग बॉक्सचं ऑइल काढून बोटावर घ्या. पिवळसर चकाकी दिसली तर सिंक्रो रिंग (गिअर न खरखरता पडावा म्हणून असलेल्या पितळी कड्या) झिजल्यात. कडक चमकते तुकडे आले तर तो बॉक्स तिथेच ठेवून घरी या. वरचं झाकण उघडायला सांगा, प्रत्येक गिअर टाकून इनपुट हाताने फिरवा आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या दातांच्या कडा बघा. झाकण उघडायला नकार देणाऱ्याकडून माल घेऊ नये, मग भाव कितीही पाडलेला असो.

फोर बाय फोर गाडी असेल तर ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) नव्या बॉक्सच्या मागे बसते का, हा वेगळा अभ्यास आहे. आणि मागच्या एक्सलचं गुणोत्तर बदललं की पुढच्याचंही तेच करावं लागतं. दोन्हींत फरक ठेवून फोर व्हील टाकली की शाफ्ट आणि केस एकमेकांशी भांडून फुटतात. खर्च दुप्पट होतो, तो आधीच धरा.

५. एक्सल: दोन वाटा

पहिली वाट: हौसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) तेच ठेवून आत फक्त क्राउन-पिनियन बदलायचं. चाकं, ब्रेक, पाटे (स्प्रिंग), काहीच हलत नाही आणि आरटीओच्या दृष्टीनेही हे सोपं. एक्सल त्याच घराण्यातला असेल तर ५.३८ च्या जागी ४.८८ बसवता येतं. क्राउन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकत्र घासून बनवलेली असते. दोन्हींवर जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो, तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या एका पाहुण्याला एका दुकानाने वेगवेगळ्या जोड्यांतले दोन नग "सेम टू सेम" म्हणून दिले. मेस्त्रीने शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) बदलून बदलून बघितलं, पण एक्सलचा हुंकार काही गेला नाही. पावती नव्हती, त्यामुळे भांडताही आलं नाही.

दुसरी वाट: नंतरच्या गाडीचा अख्खा एक्सल. ही का धरावी? विलिस घराण्याच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत एक्सल शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं असतं आणि हब त्यावर चावीने अडकवलेला असतो. गाडीचं वजन आणि ओढ दोन्ही त्या शाफ्टवर येतात. शाफ्ट तुटला की चाक बाहेर. ज्याची गाडी रोज भरून चालते त्याने फुल फ्लोटिंग एक्सल शोधावा, त्यात वजन हौसिंगवर राहतं आणि शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. ओळखायला सोपं: चाकाच्या मध्यातून हब बाहेर आलेला असतो आणि त्याच्या तोंडावर बोल्टांचं वर्तुळ दिसतं.

अख्खा एक्सल घेताना पाच मापं कागदावर लिहून न्या: ड्रमपासून ड्रमपर्यंतची रुंदी, दोन पाट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ (जुन्या जीपला पाच बोल्ट, १३९.७ मिमी), ड्रमचा व्यास, आणि डिफ्रन्शिअलचा गोळा मध्यात आहे की बाजूला सरकलेला. शेवटचं माप लोक विसरतात. जुन्या ट्रान्स्फर केसच्या गाडीत मागचा शाफ्ट उजव्या बाजूने निघतो म्हणून गोळाही उजवीकडे असतो. फक्त मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीत तो सहसा मध्यात. चुकीचा आणलात तर शाफ्ट तिरका जाईल.

रुंद एक्सल घातला की टायर मडगार्डच्या बाहेर येतात. पोरांना ते आवडतं, पोलिसांना नाही.

६. उतरवणे

इथे एकच धोका मोठा आहे, पण जीवघेणा. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवरच्या ड्रमवर असतो. प्रोपेलर शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढलेला असो वा गिअर टाकलेला असो, गाडीला काहीच अडवत नाही. आधी ठोकळे, मग घोड्या, मग शाफ्ट.

निमुळत्या टोकाचे ड्रम पुलरनेच काढा. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे सैल करून ठेवा. टेपर सुटताना ड्रम तोफेसारखा उडतो, तो नटवर अडतो. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला तर आतला ठोकळा आणि बेअरिंग दोन्ही जातात. बॅकिंग प्लेटमागच्या शिम कुठल्या बाजूच्या किती, हे तारेत ओवून चिठ्ठी बांधून ठेवा.

गिअरबॉक्स चेन पुलीवर किंवा ट्रॉली जॅकवर घेऊनच उतरवा. छातीवर झेलणारे मेस्त्री अजून आहेत, त्यांना तुमच्या गाडीवर ते करू देऊ नका.

७. क्लच आणि बॉक्स बसवणे

फ्लायव्हील लेथवर घासून घ्या आणि पायलट बुश नवा घाला. क्लच प्लेट मध्यात आणायला नव्या बॉक्सच्याच मापाचा सुटा इनपुट शाफ्ट वापरा. तो नसेल तर लेथवाल्याकडून लाकडी दांडा त्याच मापाचा कातून घ्या. प्रेशर प्लेटचे बोल्ट आलटून पालटून समोरासमोर आवळा. रिलीज बेअरिंग डिझेलने धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं.

बॉक्स सरकवताना शेवटचं बोटभर अंतर राहतं आणि पुढे जात नाही. अशा वेळी "बोल्ट आवळ, आपोआप येईल" हा आवाज हमखास येतो. बोल्टने ओढलं की बेल हाउसिंगचा कान तुटतो नाहीतर क्लच प्लेटचा हब वाकतो. बॉक्स टॉपला टाका, मागचा फ्लँज हाताने थोडा थोडा फिरवा, जॅकची उंची केसभर खालीवर करा. सरळ रेषेत आला की तो हाताने ढकलूनच जाऊन बसतो. बॉक्सचं वजन क्लच प्लेटवर लटकत ठेवून जेवायला मात्र जाऊ नका.

नवा बॉक्स लांब असतो, म्हणून मागचा क्रॉस मेंबर सरकवावा लागतो. चासीला नवी भोकं पाडण्याऐवजी बोल्टने अडकणारी ब्रॅकेट बनवून घ्या.

८. क्राउन-पिनियन लावणे आणि एक्सलची बैठक

हे काम ज्याला येतं त्यालाच द्या, पण समोर उभे राहा. पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरावीक दाब) झाला की क्राउनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर बघायचा. साधारण ०.१५ ते ०.२० मिमी, आणि क्राउनच्या चार ठिकाणी मोजून. मग सहा-सात दातांना मार्किंग ब्लू लावून, क्राउन थोडा अडवून दोन्ही दिशांना फिरवायचा. दातांवर जो ठसा उमटतो तो मध्यावर हवा. ठसा दाताच्या माथ्याकडे सरकला तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, तो जवळ घ्यावा लागेल. ठसा मुळाकडे गेला तर पिनियन फार जवळ आहे. शिम बदला, पुन्हा बांधा, पुन्हा निळा लावा. यात अख्खा दिवस जातो. चहाच्या दोन फेऱ्यांत "झालं साहेब" म्हणणाऱ्याला ठसा दाखवायला सांगा, आणि त्या ठशाचा फोटो घ्या.

अख्खा एक्सल बदलत असाल तर पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागतात. आधी वेल्डिंग करून मग एक्सल गाडीखाली घालू नका. बैठका सुट्या ठेवून यू-बोल्टने सैल अडकवा, चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, मागे नेहमीचं अर्धं वजन टाका. आता कोन मोजा. मोबाइलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप पुरतं. बॉक्सच्या मागच्या फ्लँजचा कोन आणि पिनियनच्या फ्लँजचा कोन एकमेकांना समांतर हवा. बॉक्सची शेपूट तीन अंश खाली झुकली असेल तर पिनियनचं नाक तीन अंश वर. जुळलं की बैठकांना चार टाके मारा, एक्सल बाहेर काढा, मग पूर्ण वेल्डिंग. एका दमात वेल्डिंग मारलं तर नळी वाकते. बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे, मधे गार होऊ द्यायचं. आणि यू-बोल्ट नवेच. जुने एकदा ताणलेले असतात.

९. प्रोपेलर शाफ्ट

बॉक्स लांब झाला म्हणजे शाफ्ट आखूड करावा लागणार. माप घ्यायचं ते गाडी चाकांवर उभी असताना. सरकता जोड पूर्ण आत ढकलल्यावर अजून साधारण २५ मिमी जागा उरली पाहिजे, नाहीतर खड्ड्यात एक्सल वर आला की शाफ्ट बॉक्सच्या पोटात घुसतो. दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत हवेत. जोडावर बाणाच्या खुणा असतात, त्या जुळवा. वेल्डिंगनंतर शाफ्ट बॅलन्स करून घ्या. साठला सुरू होऊन सत्तरला थांबणारी थरथर बहुतेक वेळा इथूनच येते आणि लोक टायर बदलत बसतात.

१०. ब्रेक, हँडब्रेक, मीटर, ऑइल

नव्या एक्सलचे व्हील सिलिंडर मोठे असतील तर मागची चाकं आधी लॉक होतात, ओल्या रस्त्यावर गाडी फिरते. सिलिंडरचं माप जुन्याशी ताडून घ्या. पाइप नवे टाका, हवा काढा. शाफ्टवरचा हँडब्रेक नव्या बॉक्समुळे गेला असेल तर मागच्या ड्रममधून केबलचा हँडब्रेक जोडल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

स्पीडोमीटर चुकीचं दाखवेलच, कारण गिअर बदलले. मोबाइलच्या जीपीएसशी ताडा आणि केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा गिअर बदला.

आता दोन ऑइलचं कारण. एक्सलला जीएल-५ दर्जाचं ईपी (जास्त दाब सोसणारं) ऑइल लागतं, हायपॉइड दातांना, म्हणजे एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या तिरक्या दातांना, ते हवंच. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग असतील तर तिथे जीएल-४. "एकच कॅन दोन्हीकडे ओत" हे ऐकू नका.

एक्सलचा ब्रीदर (हवा जायची छोटी वाट) साफ करा. तो तुंबला की तापलेलं ऑइल सील फोडून ब्रेकच्या लायनरवर येतं. खानापूर बाजूला पावसात ओढे ओलांडावे लागतात. तापलेला एक्सल गार पाण्यात गेला की ब्रीदरमधून पाणी आत खेचतो. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं टोक हौद्याच्या उंचीला बांधा.

११. रस्त्यावर

पहिले वीस-पंचवीस किलोमीटर रिकामी गाडी, साठच्या आत, आणि मग पूर्ण गार होऊ द्यायची. हात लावून बघा. डिफ्रन्शिअल कोमट असावं, हात ठेवता येणार नाही इतकं तापलं तर पिनियनचा प्रीलोड जास्त आहे. गाडी ओढताना हुंकार येतो की पाय काढल्यावर, हे लिहून ठेवा. मेस्त्रीला निदान करायला तेच लागतं.

शंभर-दीडशे किलोमीटरला यू-बोल्ट, शाफ्टचे बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळा. भरलेली गाडी घाटात त्याआधी नाही. साधारण पाचशे किलोमीटरला दोन्ही ऑइल बदला. एक्सलच्या ड्रेन प्लगवर चुंबक असेल तर त्यावरची राखाडी पेस्ट नव्या दातांची असते, ती पुसून टाका. नखाला टोचणारा कण सापडला तर झाकण लगेच उघडा.